महानंदाच्या पोटातला व्हॉल्व्ह

पाणी मागितलं तर महानंदानं देवघरातली घंटा उलटी धरली, माठातलं पाणी तिच्यात ओतलं आणि माझ्यापुढं केली.

मी आधी हसलो. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, असल्या चेष्टा तिनं पुष्कळ केल्यात. एकदा तर माझ्या डब्यात भाकरीच्या जागी माझंच मळकं बनियन घडी घालून दिलं होतं, घरभर काढून टाकतो म्हणून. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसायचा थांबलो. ती चेष्टा करत नव्हती. "घ्या की," म्हणाली, आणि मी घेईना म्हणून वैतागली. पुढं केलेला तिचा पंजा मनगटातून गळत होता, सावरत होता, पुन्हा गळत होता. निम्मं पाणी फरशीवर सांडलं तरी तिला पत्ता नाही.

मी महारुद्र कोरे. नगरपालिकेचा चावीवाला. ज्या दिवशी ज्या पेठेची पाण्याची पाळी, त्या दिवशी तिथल्या चेंबरमध्ये उतरायचं, लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पाणी सोडायचं, हे माझं काम. आता गावातले बहुतेक व्हॉल्व्ह मोटारीवर गेलेत. कंट्रोल रूममधली पोरगी बोट दाबते आणि पाणी सुटतं. जुन्या पेठेतले बावीस तेवढे माझ्या हातावर राहिलेत, कारण तिथली लाइन इतकी जुनी की मोटारीनं एकदम झटका दिला तर कुठंतरी फुटणारच. तेहतीस वर्षं मी चेंबरात उतरतोय. तिथं साप बघितले, विंचू बघितले. पण त्या घंटेतल्या पाण्याला जेवढा भ्यालो तेवढा कशालाच भ्यालो नाही.

भ्यालो, कारण डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. असं काही विचित्र दिसलं तर समजायचं, रक्त न गाळता डोक्यात जातंय.

आता हे नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा काय बडबडतोय.

गेल्या भोगीला, भाजी निवडता निवडता महानंदाला उलटी झाली. नुसतं रक्त. परात भरली. सोलापूरला नेलं तेव्हा निघालं की लहानपणीच्या काविळीचा विषाणू इतकी वर्षं अंगात दबा धरून बसला होता आणि त्यानं यकृत पार निबर करून टाकलं होतं. गल्लीत लगेच कुजबुज सुरू. "लिव्हर? म्हणजे बाई घेत होती की काय?" अरे, तिनं आयुष्यात ताक जरा आंबट झालं तर ओतून दिलं! एकदोघांना मी तोंडावर झापलं. महानंदा म्हणाली, "जाऊ द्या हो, बोलून बोलून किती बोलतील." ती तशीच आहे, कुणाला म्हणून कधी दुखवायची नाही.

डॉक्टर नाझनीन तांबोळी म्हणजे आमच्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी कागद ओढला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही पाण्याच्या कामातले. तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. जठर, आतडी, प्लीहा, यांतून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते एका जाड शिरेत गोळा होतं. तिला पोर्टल व्हेन म्हणतात. ती सगळं रक्त यकृतात नेते. यकृत म्हणजे तुमचं फिल्टर हाऊस समजा. आतड्यातले जंतू अमोनिया तयार करतात, आणखी नको ते बरंच काही असतं, ते सगळं तिथं साफ होतं. मग रक्त पुढं हृदयाकडे, मेंदूकडे जातं."

"आणि फिल्टरच तुंबला तर मागं दाब वाढणार," मी म्हटलं.

"बरोब्बर. काकूंचं तेच झालंय. रक्ताला पुढं वाट मिळेना, म्हणून ते आडवाटेनं निघालंय. अन्ननलिकेच्या बारीक शिरांतून वर चढतंय. त्या शिरांना एवढा दाब कुठला सोसवायला? फुगतात आणि फुटतात."

"मग बायपास टाका की."

"टाकतो ना. मानेतल्या शिरेतून जाळीची नळी आत नेऊन यकृतातच बसवतो. जुनीच पद्धत आहे. दाब उतरतो. पण काका, बायपासमधून गेलेलं रक्त गाळलं जात नाही. अमोनिया थेट मेंदूत जातो. माणूस गोंधळतो, दिवसा झोपतो, हात गळतात, घरच्यांना ओळखत नाही. फार झालं तर बेशुद्ध पडतो, आणि मग काही सांगता येत नाही."

बायपास बंद ठेवला तर रक्त ओकून मरण, उघडला तर डोकं जाणार. मी कपाळाला हात लावला. महानंदा मात्र शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, जगणं-मरणं बघू नंतर. पण मला खुळी करून ठेवू नका. यांना ओळखलं नाही तर मी कशाला जगू?"

त्यावर डॉक्टरांनी ते नवं यंत्र सांगितलं. नळी तीच, पण आत पापणीएवढी झडप आणि तांदळाच्या दाण्याएवढी मोटार. झडप शून्यापासून दहापर्यंत उघडते. जेवण झालं की आतड्यांकडे रक्ताचा लोंढा येतो, दाब चढतो. तेव्हा झडप उघडायची. पोट रिकामं असलं की दाब आपोआप उतरतो. तेव्हा मिटायची, म्हणजे रक्त यकृतातूनच जाईल, जेवढं गाळलं जाईल तेवढं जाईल. दोन्ही धोक्यांच्या मधून वाट काढायची, एवढीच सगळी युक्ती.

मला पटलं. आम्ही तरी दुसरं काय करतो? ज्या वेळी जिकडं पाणी, त्या वेळी तिकडची चावी.

अडचण एकच होती. हृदयावर एकदम भार नको म्हणून झडप हळूहळू उघडायची, पूर्ण उघडायला पाऊण तास. म्हणजे जेवायला बसल्यावर उघडून उपयोग नाही, आधीपासून सुरुवात करायला पाहिजे. आणि आतला दाब मोजायला वीज लागते, म्हणून यंत्र दिवसातून तीनदाच मोजणार, सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री बाराला. मग जेवणाची वेळ त्याला कळणार कशी? तर विचारून. फडताळावर एक चपटा डबा दिला होता. त्यातून एक बाई बोलायची, अगदी आपल्यातली, गोड आवाजाची. "महानंदाकाकू, जेवण झालं का?" आपण उत्तर द्यायचं. असे एकवीस दिवस यंत्र शिकणार, आणि मग घरच्या वेळा ओळखून स्वतःच झडप उघडमीट करणार.

महानंदाला ती बाई फार आवडली. "हो गं बाई, झालं. तुझं झालं का?" असं उलट विचारायची. मी म्हणायचो, "अगं, ते यंत्र आहे." ती म्हणायची, "असू दे की, विचारतेय ना बिचारी!"

यंत्र बसवल्यावर पहिला महिना छान गेला. आणि मग ती घंटा.

त्यानंतर रोज काहीतरी व्हायला लागलं. चहात मीठ पडलं, चप्पल फ्रिजमध्ये सापडली. दारातली ठिपक्यांची रांगोळी ती डोळे मिटून काढायची, ते ठिपके तिला जोडता येईनात. तासभर ती उकिडवी बसून राहिली आणि शेवटी सगळं पुसून टाकलं. मला बघून ओशाळली आणि म्हणाली, "आज हात चालेना." मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं, तिला माझे डोळे दिसू नयेत म्हणून.

डॉक्टर रोज फोनच्या पडद्यावर यायच्या. त्यांच्याही कपाळाला आठ्या. "मला उलगडत नाही, काका. दुपारी चारचा दाब बघा. जेवून तीन तास झालेले असतात, तेव्हा तो उतरलेला पाहिजे. तर तो चढलेला. रोज. यंत्र म्हणतंय, रिकाम्या पोटीसुद्धा दाब वाढलाय, म्हणजे आजार झपाट्यानं पुढं गेलाय. म्हणून ते झडप दिवसभर जास्त जास्त उघडी ठेवतंय. त्यामुळं अमोनिया वाढतोय."

"मग झडप मिटा."

"मिटली आणि दाब खरंच एवढा असेल तर शिर फुटेल."

तेहतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवले, पण हा असला कधी माझ्या वाट्याला आला नव्हता.

शेवटी डॉक्टरांनी ठरवलं. शुक्रवारी सोलापूरला बेड मिळत होता. बंगळूरहून आमची लेक श्रुतिका शुक्रवारीच यायची होती. तोवर डोकं आणखी बिघडून ही बेशुद्धीत जायला नको, म्हणून गुरुवारी जेवणानंतर दीड तास थांबून, अडीच वाजल्यापासून झडप मिटत न्यायची, सव्वातीनला पूर्ण बंद. "एक रात्र निभावेल," त्या म्हणाल्या, "फक्त झडप मिटल्यावर पोटभर खाऊ देऊ नका. दोन घास पेज, बास."

गुरुवारी जुन्या पेठेची पाळी. चार दिवसांनी येणारं पाणी, सोडायला दुसरं कुणी नाही. शेजारच्या रेणुकावहिनी दुपारी येऊन बसल्या. मला एक वाजता त्यांचा फोन. "भाऊजी, काळजी करू नका, डब्यातल्या बाईनं विचारलं, मीपण विचारलं. जेवले म्हणाली." मला तेवढंच बरं वाटलं.

सव्वातीनला घरी पोचलो. वहिनी तेवढ्यात आपल्या घरी गेल्या. महानंदा दारात उभी होती, डोक्यावरून पदर, हातात पाण्याचा तांब्या. मला बघितलं आणि दोन पावलं मागं सरकली.

"कोण पाहिजे, दादा?"

"अगं, मी," एवढंच तोंडून निघालं.

"मालक घरात नाहीत. येतीलच एवढ्यात. बसा. पाणी घ्या."

मी बसलो. माझ्याच ओट्यावर, परक्या माणसासारखा. ओरडलो असतो तर ती आणखी घाबरली असती. तिनं तांब्या पुढं केला, हात गळत होता, मी खालून धरला. तिनं पटकन हात काढून घेतला, परक्या पुरुषाचा हात लागला म्हणून. देवा रे! बत्तीस वर्षांत मला एवढं रडू आलं नव्हतं.

"जेवायचं राहिलं असेल तुमचं?" मी कसंबसं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

ती हसली. "हे आल्याशिवाय मी कशी जेवू? त्या फडताळातल्या बाईला झालं म्हणून सांगते. बिचारी रोज विचारते, तिला कशाला काळजी? रेणुकालापण तसंच सांगते. नाहीतर आग्रह करकरून जीव खाते." मग तिनं तोंडाला पदर लावला. "तुम्ही ह्यांना सांगू नका हं."

मला ते ऐकू आलं, पण कळलं नाही. खरं सांगतो, माझ्या डोक्यात एकच घण पडत होता, हिनं मला ओळखलं नाही, हिनं मला ओळखलं नाही. माझी अक्कल तेव्हा कुठं शेण खायला गेली होती कुणास ठाऊक.

आणि मग दहाएक मिनिटांनी ती एकदम माझ्याकडं वळली. डोळ्यांत काहीतरी हललं. "अहो! कधी आलात? आणि असे बाहेर काय बसलात पाव्हण्यासारखे?"

मी आनंदानं वेडा झालो. झडप मिटली, अमोनिया उतरायला लागला, माझी बायको परत आली! एवढ्या लवकर कुठला उतरायला, तो मधूनच येतो-जातो, हे मला मागाहून कळलं. त्या घटकेला मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. तिनं दोन ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दोडक्याची भाजी, वरण. पेजेचं बोलणं मी पार विसरलो. मला वाटलं, ही अडीच तासांपूर्वीच जेवलीय, माझ्या सोबतीला दोन घास घेईल. ती अख्खी भाकरी खाऊन वर वरणभात जेवली. मी तोंडाकडं बघत बसलो. भूक लागलीय ही चांगली खूण, असंसुद्धा मनात आलं.

चार वाजले. डबा बोलला. "महानंदाकाकू, दाब वाढलेला आहे. आपल्या जेवणाला तीन तास झाले आहेत. कृपया डॉक्टरांशी बोला."

तीन तास?

आत्ता तर ताटं उचलली होती!

तेव्हा ते माझ्या टाळक्यात शिरलं. सगळं एकदम. रोज एक वाजता ही "झालं" म्हणते. यंत्र बिनजेवणाची झडप उघडतं आणि न गाळलेलं रक्त डोक्यात सोडतं. अडीचला मिटायला लागतं. मी साडेतीनला घरी येतो, ही माझ्याबरोबर जेवते, झडप मिटलेली, लोंढा येतो, आणि चार वाजता यंत्र दाब मोजतं. त्याला वाटतं, रिकाम्या पोटी एवढा दाब! म्हणजे आजार वाढला. उघड आणखी. सकाळी आणि रात्री मी समोर असतो, तेव्हा वेळ बरोबर. घोळ सगळा दुपारचा. आजार वाढलाच नव्हता. आम्हीच त्याला खोटं वेळापत्रक दिलं होतं.

आणि आज तर झडप मुळीच उघडी नव्हती. शून्यावर. आणि तिच्या पोटात अख्खं जेवण.

मी डॉक्टरांना फोन लावला. दोनदा भलताच नंबर लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, किती वाजता जेवल्या?"

"पावणेचारला उठली."

"अँब्युलन्स पाठवते. सव्वा तास लागेल. तोवर थांबता येणार नाही, आणि मी इथून उघडली तर झडप पाऊण तासाच्या चालीनंच उघडणार. डब्याच्या मागं झाकण आहे, उघडा. मी आकडे सांगते ते टाका. आता झडप तुमच्या हातात. सरळ दहावर न्या."

"एकदम दहावर?"

"तातडीत नियम तोच आहे, तेव्हा हृदयाचा भार बघत नाहीत."

"आणि डोक्याचं?"

"आधीच अमोनिया फार आहे. सगळं रक्त एकदम सुटलं तर त्या बेशुद्ध होतील. परत येतील की नाही, मी सांगू शकत नाही. पण रक्तस्राव झाला तर घरात काहीच करता येणार नाही."

महानंदा भिंतीला टेकून बसली होती. "छातीत कसंसंच होतंय हो," म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. मला ओळखत होती. त्या घटकेला ती मला ओळखत होती, आणि माझं बोट तिला पुसून टाकणाऱ्या आकड्यावर होतं. माझी गाळण उडाली होती. चड्डीत व्हायची बाकी होती, खोटं कशाला बोलू?

"डॉक्टर," मी म्हटलं, "जुनी लाइन असली तर आम्ही चावी एकदम फिरवत नाही. दोन आटे फिरवायचे आणि लोखंडी गज पाइपाला टेकवून कान लावायचा. आतला आवाज सांगतो किती झालं ते. हिच्या आत काही ऐकू येतं का?"

"बेंबीजवळ," त्या लगेच म्हणाल्या. "दाब वाढला की तिथल्या शिरांत घुमल्यासारखा आवाज येतो. काकूंच्या पोटात मी ऐकलाय. पण काका, यावर झडप लावणं हे कुठल्या नियमात बसत नाही."

"तुम्ही लाइनवर थांबता का?"

"थांबते. पण रक्त दिसलं की सरळ दहा. कबूल?"

"कबूल."

मी महानंदाला आडवं केलं आणि पोटावर कान ठेवला. आधी माझंच काळीज धडधडताना ऐकू आलं. मग खालून ते आलं, सलग, मोठ्या लाइनला बारीक भोक पडल्यावर येतो तसा घूंऽऽ असा आवाज. एक उघडली. दोन. अर्धा मिनिट थांबलो. तसाच. तीन, चार. आवाज जरा बसल्यासारखा वाटला, की माझीच आशा, कळेना. तिला विचारलं, "मी कोण?" म्हणाली, "काय खुळ्यासारखं विचारताय." पाच. आवाज हलका झाला. तेवढ्यात तिला उमासा आला आणि ओठांच्या कोपऱ्यातून काळपट ओघळ आला.

"रक्त?" डॉक्टर ओरडल्या.

"काळं आहे. चमचाभर."

"दहा करा, काका!"

मी सहा केली. कान लावला. आवाज तुटक झाला होता, मधूनमधून यायचा, थांबायचा. दहा करायचं कबूल केलं होतं मी. माझं बोट पुढं गेलं आणि तिथंच राहिलं. "उतरतोय डॉक्टर, दोन मिनिटं द्या, पाया पडतो." त्या म्हणाल्या, "दोन. एक सेकंद जास्त नाही." ती दोन मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. दुसरा ओघळ आला नाही. आवाज बसत गेला. मी सहावरच थांबलो.

अँब्युलन्स येईतो तिची जीभ जड झाली, पापण्या मिटल्या. वाटेत मी दर थोड्या वेळानं "मी कोण?" विचारत होतो. माढ्याच्या पुढं तिनं उत्तर देणं बंद केलं.

हॉस्पिटलात दुर्बीण घालून फुगलेल्या शिरा बांधल्या. एकच शिर चिरली होती, जराशी. डॉक्टर तांबोळी म्हणाल्या, अर्ध्या तासाचा उशीर झाला असता तर ती फुटलीच असती. आणि मग म्हणाल्या, "पुन्हा कधी माझं न ऐकता असं करू नका." त्यांचे डोळे लाल होते. मी मान डोलावली. बरोबर केलं की नशिबानं निभावलं, मला आजही ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी महानंदानं डोळे उघडले. श्रुतिका उशाशी होती. तिच्याकडं बघून महानंदा म्हणाली, "केस किती गळालेत गं तुझे." आणि माझ्याकडं वळून, "अहो, दाढी तरी करायची." मी बाहेर पॅसेजमध्ये गेलो आणि भिंतीकडं तोंड करून ओक्साबोक्शी रडलो.

मग डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं. यंत्र नव्यानं शिकवायचं. पंधरा दिवस एक वाजता म्हणजे एक वाजताच जेवायचं, आणि जे खरं तेच सांगायचं. महानंदा बोटानं चादर चिमटत ऐकत राहिली. डॉक्टर गेल्यावर मी तिच्यावर उखडलोच. भीतीचा राग झाला होता माझा.

"कुणी सांगितलं होतं गं तुला माझ्यासाठी उपाशी बसायला? मी कधी म्हटलं? कोणत्या जमान्यातली बाई तू? मरायला टेकली होतीस!"

"तसं नाही," ती म्हणाली.

"मग कसं?"

तिनं श्रुतिकाला चहा आणायला पाठवलं आणि मग म्हणाली, "लग्नानंतर सहाव्या महिन्यात तुम्हाला यायला उशीर झाला होता. सासूबाई म्हणाल्या, तू जेवून घे. मी बसले. दुसरा घास तोंडात होता आणि चौघांनी तुम्हाला उचलून आणलं."

मला आठवलं. चेंबरमध्ये वायू साठला होता. झाकण उघडून वाट न बघता मी तसाच उतरलो आणि तळाशी कोसळलो. माझ्याबरोबरच्या माणसानं दोर टाकून बाहेर काढलं.

"तो घास मी थुंकला," ती म्हणाली. "त्यानंतर तुम्ही चेंबरात असताना कधी घास घेतला नाही. मला कळतं हो, हा वेडेपणा आहे. माझ्या जेवण्याचा आणि तुमच्या वायूचा काय संबंध? पण भीती वाटते ती वाटतेच. एक वाजला की तुम्ही खाली असता. कोण कशाला ऐकेल माझं, हसतील. म्हणून सगळ्यांना झालं म्हणते आणि सुटते."

इतकी वर्षं मी भाकरी हाणत होतो आणि समोरची बाई रोज दुपारी माझा जीव राखत बसली होती, असं तिला वाटत होतं. मी तिचा हात धरला. या वेळी तिनं काढून घेतला नाही.

"रजा काढा पंधरा दिवस," ती म्हणाली.

"काढतो. आणि सोळाव्या दिवशी?"

मी साहेबांकडं पाळी बदलून मागितली, तर म्हणाले, कोरे, मुख्य टाकीचं पाणीच बाराला सुटतं, मी काय करू? रजा संपली.

सोळाव्या दिवशी एकला पाच कमी असताना मी कोष्टी गल्लीच्या चेंबरात उतरलो. झाकण अर्धा तास आधी उघडून ठेवलं होतं, वायू मोजायचं यंत्र कमरेला, वर माणूस उभा. कानात फोन. पलीकडं महानंदा ताट वाढून बसलेली. श्रुतिकाला तिनं मुद्दाम बाहेर पाठवलं होतं.

फोनमधून त्या बाईचा आवाज आला. "महानंदाकाकू, जेवण झालं का?"

"नाही," महानंदा म्हणाली. "बसलेय. अजून घास घेतला नाही."

मी चावी व्हॉल्व्हवर बसवली. "घे मग. झडप उघडून बसलीय आत. उगाच रक्त चाललंय डोक्यात."

"तुम्ही कुठं आहात?"

वर येऊन बसलोय, असं म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंच होतं. ती सुखानं जेवली असती.

"खाली आहे," मी म्हटलं. "सात फूट खाली. पहिला आटा फिरवतोय."

तिचा श्वास वरवर चाललेला ऐकू येत होता. माझ्या हातांना घाम सुटला होता, चावी निसटत होती, आणि कमरेचं यंत्र खरंच नीट चालतंय ना म्हणून मी दोनदा बघितलं.

"अहो, बोलत राहा," ती म्हणाली. "थांबू नका, काहीही बोला."

"दुसरा आटा," मी म्हटलं. "पाणी आलं लाइनला. तिसरा. घे गं, महानंदा."

भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग तिनं घास घेतला, आणि रडत रडत चावायला लागली. मी आटे मोजत राहिलो, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असे.